नाव नसलेले बोन्साय

रविवार, सकाळ

घरात नव्याने आलेल्या या लहानशा झाडाच्या कुंडीवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर ‘बोन्साय, घरात ठेवावे, रोज पाणी घालावे’ एवढेच छापले आहे. बोन्साय ही झाडाची जात नसून झाड उथळ कुंडीत, छाटून आणि वळण देऊन वाढवण्याची पद्धत आहे, त्यामुळे या चिठ्ठीवरून झाडाविषयी काहीच कळत नाही. वडाच्या नात्यातले झाड, पाने सोडणारे थंड प्रदेशातले झाड आणि पानांत पाणी साठवणारे मांसल झाड या तिघांनाही बोन्सायच म्हणतात, पण एकाला मानवणारे पाणी दुसऱ्याची मुळे कुजवते. म्हणून पाणी, खत आणि कात्री यांचा विचार करण्याआधी आजची सकाळ झाडाची ओळख पटवण्यासाठी ठेवली.

सर्वांत आधी फायकस आहे का, हे पाहिले. घरातल्या बोन्सायमध्ये फायकस मायक्रोकार्पा फार आढळते. ते वड, पिंपळ आणि उंबर यांच्याच प्रजातीतले असल्याने त्याचे पान तोडले की पांढरा चीक येतो, शिवाय प्रत्येक पानाच्या देठापाशी फांदीभोवती बारीक वळे दिसते. येथे पान तोडल्यावर चीक आला नाही. पाने मांसल नाहीत आणि समोरासमोरही नाहीत, म्हणजे पोर्टुलॅकारिया हे मांसल पानांचे झाडही नव्हे. फुकिएन टी या झाडाची पाने गडद आणि चकचकीत असतात, त्यांवर बारीक पांढरे ठिपके असतात आणि टोकाशी छोटे दाते असतात. या पानांवर ठिपके नाहीत आणि दाते संपूर्ण कडेने आहेत. पाने फांदीवर एकाआड एक, दोन्ही बाजूंना ओळीने लागली आहेत.

दंतुर कडा पाहिल्यावर चिनी एल्म, म्हणजे उल्मस पार्व्हिफोलिया, आणि झेलकोव्हा हे दोनच पर्याय उरले. दोघांची पाने इतकी सारखी असतात की विक्रीच्या चिठ्ठीवर एकाचे नाव दुसऱ्याला सहज लागते. त्यांतला फरक पानाच्या तळाशी सापडतो. एल्मच्या पानाचे दोन भाग देठाला एकाच ठिकाणी येऊन मिळत नाहीत, एक बाजू किंचित खाली उतरते. झेलकोव्हाचा तळ बहुधा दोन्हीकडे सारखा असतो. मोठी पाने निवडून भिंगाखाली पाहिली तेव्हा तो तिरकेपणा बहुतेक पानांवर स्पष्ट दिसला. खोडाच्या खालच्या भागावर साल पातळ पापुद्र्यांनी सुटत असून आत नारिंगी तपकिरी रंग दिसतो, ही खूणही चिनी एल्मकडेच बोट दाखवते. आता हे झाड मला नावाने ओळखता येते, याचा मनापासून आनंद आहे.

नाव कळताच चिठ्ठीवरच्या सूचना गळून पडतात. एल्मला उजेड भरपूर लागतो. आपले डोळे मंद प्रकाशाला सरावतात, म्हणून खोलीचा मधला भाग आपल्याला उजळ वाटतो, पण खिडकीपासून थोडे दूर गेले तरी झाडाला मिळणारा प्रकाश झपाट्याने घटतो. त्यामुळे त्याची जागा खिडकीला लागूनच असेल, आणि हवामान सौम्य असताना ते उघड्यावर ठेवणे त्याला अधिक मानवेल. हिवाळ्यात थंड जागी त्याने पाने गाळली तर ते मेले असे समजायचे नाही, कारण थंडीत पाने सोडणे हा त्याचा स्वभाव आहे. जुनिपर या सदाहरित झाडाचे मात्र याच्या उलट आहे. त्याला खऱ्या थंडीची विश्रांती लागत असूनही ते अनेकदा घरातले झाड म्हणून विकले जाते, आणि मुळे मेल्यानंतरही कित्येक आठवडे हिरवे दिसत राहते. अशी विक्री मला अन्यायाची वाटते, कारण चूक उमगेपर्यंत उपाय उरत नाही.

पाण्यासाठी वार किंवा वेळ ठरवणार नाही. मातीत रंग न दिलेली बारीक लाकडी काडी खोचून ठेवायची, थोड्या वेळाने काढून पाहायची. वरचा सुमारे 1 सेंटिमीटर थर कोरडा झाला असेल आणि खाली थोडी ओल असेल तेव्हा पाणी द्यायचे. ते देताना मात्र संपूर्ण माती भिजून तळाच्या छिद्रांतून पाणी बाहेर येईपर्यंत द्यायचे, आणि खालच्या ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकायचे. पानांवर नुसता फवारा मारल्याने मुळांची तहान भागत नाही. या कुंडीत मातीवर गोंदाने चिकटवलेल्या खड्यांचा थर होता. त्याखाली काय चालले आहे ते दिसत नाही आणि पाणीही सगळीकडे सारखे मुरत नाही, म्हणून तो आज काळजीपूर्वक उचकटून काढला.

पानांच्या मागे लाल कोळी किंवा खवले कीड नाही, याची खात्री केली. झाड नव्या जागेत रुळेपर्यंत खत आणि कुंडीबदल दोन्ही थांबवले आहेत. मुळे छाटून नवी, चांगला निचरा होणारी माती देण्याचे काम वसंतात, कळ्या फुगू लागतील त्या सुमारास करायचे आहे. त्याआधी कोवळ्या फांद्यांना 6 ते 8 पाने आली की प्रत्येकीवर 2 किंवा 3 पाने ठेवून पुढचा भाग कापायचा, म्हणजे मागच्या डोळ्यांतून नव्या फांद्या फुटतील आणि झाडाचा डोलारा दाट होत जाईल.