तुम्ही विचारलंत म्हणून: बॅकग्राउंड काढायचे तीनशे रुपये कशाचे?

"मॅडम, फक्त मागचं बॅकग्राउंड तर काढायचंय. मोबाईलवर एका बोटात निघतं. तुम्ही तीनशे कसले घेता?" माझ्या डिझाईनच्या दुकानात काउंटरवर दिवसाआड तरी हे ऐकावं लागतं. परवा माझ्या सख्ख्या भाच्यानंही हेच विचारलं आणि मी त्याच्यावर नको तेवढी चिडले. त्याला जे सांगायचं होतं ते तेव्हा तोंडातून नीट निघालं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आधी हे सांगते की सगळ्याचे तीनशे मी घेत नाही. पासपोर्ट फोटो, पेढ्याचा बॉक्स, साध्या भिंतीपुढे उभा असलेला वाढदिवसाचा दादा, हे मीही एका क्लिकवर करते आणि त्याचे वेगळे पैसे लावत नाही. २०२२ पासून आयफोनवर तर फोटोतल्या माणसावर बोट दाबून धरलं की तो सुटा होऊन बोटाबरोबर येतो. मला ते दिसतं. मी काही जुन्या जमान्यात बसलेली नाही.

पैसे लागतात ते बाकीच्याला. वाऱ्यावर उडालेले केस. जाळीची ओढणी. चष्म्याच्या काचेतून दिसणारी मागची भिंत. नथीच्या आतली मोकळी जागा, जी कापायची राहिली की नवरीच्या ओठावर हॉलच्या पडद्याचा लाल ठिपका तसाच राहतो. काचेच्या बरणीतलं लोणचं तर विचारूच नका. बरणी दिसली पाहिजे आणि बरणीतून मागचंही दिसलं पाहिजे.

ट्रान्सपरंट म्हणजे नेमकं काय, हे समजावण्यात माझा अर्धा दिवस जातो. एका पतसंस्थेचा माणूस लोगो घेऊन आला, म्हणाला, "पीएनजीच आहे, बघा, मागे चौकटी दिसतायत." पीएनजी म्हणजे मागचं रिकामं ठेवू शकणारी चित्राची फाईल. चौकटी दिसत होत्या खऱ्या, पण त्या चित्रातच छापलेल्या होत्या. सॉफ्टवेअरमध्ये करड्या-पांढऱ्या चौकटी म्हणजे 'इथे काहीच नाही' अशी खूण असते. त्याच्या फाईलमध्ये त्या चौकटी म्हणजेच चित्र होतं. तसाच लावला असता तर संस्थेच्या बोर्डावर बुद्धिबळाचा पट उमटला असता. दुसरा येतो तो खरी पीएनजी पाठवतो, पण व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून. ती माझ्याकडे पोचते जेपीईजी होऊन, आणि जेपीईजीला पारदर्शकता ठेवायला जागाच नाही. तिथे पांढरं तरी भरतं नाहीतर काळं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एवढं एक वाक्य मी दुकानात चिकटवून ठेवलंय.

आता मुख्य मुद्दा. पीएनजीमध्ये प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा यांच्याबरोबर चौथा एक आकडा असतो, शून्य ते २५५. शून्य म्हणजे ठिपका नाहीच, २५५ म्हणजे पूर्ण भरीव. त्याला अल्फा म्हणतात. १९७०च्या दशकात अमेरिकेत एड कॅटमल आणि अॅल्वी रे स्मिथ यांनी ही कल्पना मांडली, आणि मिसळण्याच्या सूत्रात जे ग्रीक अक्षर होतं तेच नाव चिकटलं. सूत्र सोपं आहे: समोरचा रंग गुणिले अल्फा, अधिक मागचा रंग गुणिले उरलेला भाग. केसाची एक बट फोटोत एका ठिपक्याहूनही बारीक असते, म्हणून त्या ठिपक्यात थोडा केस असतो आणि थोडी भिंत. बॅकग्राउंड काढणं म्हणजे हे मिश्रण उलटं सोडवणं. बेरीज दिली आहे, त्यावरून दोन्ही संख्या ओळखा, असं ते गणित आहे. ओळख चुकली की माणसाच्या कडेला पांढरी किनार राहते. गडद रंगावर ठेवला की तो कागदातून कात्रीनं कापल्यासारखा दिसतो.

आणि समोरचा नि मागचा रंग एकच असेल तर? मग अल्फा काहीही धरा, मिश्रण तेच येतं. म्हणजे अल्फा किती, याचं गणितात उत्तरच नाही. हे मी डिझाईनच्या क्लासमध्ये मुलांना फळ्यावर लिहून शिकवायचे. शिकवून मलाच ते कळलं नव्हतं.

२०१७चा पावसाळा. रात्री साडेनऊला मोबाईलवर एक फोटो आला. दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णेच्या घाटावर दशक्रिया, सहा बाय चारचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स हवा. फ्लेक्सवाला अकरापर्यंत मशीन चालू ठेवणार होता. फोटोत एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसलेले, अंगात पांढरा सदरा, कपाळावर गंध आणि बुक्का, मागे चुन्याची भिंत. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. गाव इथून अठरा किलोमीटर.

डिझाईन नेहमीचं. गडद निळं आभाळ, मागे वीस टक्के अपारदर्शकतेवर विठ्ठलाची आकृती, मधे फोटो. मॅजिक वाँड घेतला, म्हणजे क्लिक केलेल्या रंगाशी जुळणारा भाग एकदम धरणारं टूल. त्याचा टॉलरन्स, म्हणजे रंगात किती फरक चालवून घ्यायचा तो आकडा, मुळात ३२ असतो. भिंत डागाळलेली, नीट धरेना, म्हणून ६० केला. क्लिक केलं, भिंत गेली. डोक्याच्या वर, कपाळापासून दोन बोटं, एक पांढरा पट्टा उरला. वरची कड फाटल्यासारखी होती. मला वाटलं, पिकलेले केस आहेत, बारीक कापलेले. मऊ ब्रश घेतला आणि डोकं गोल करून टाकलं. ही गोलाई मला अजून आठवते, कारण ती चांगली जमली होती. सगळं मिळून आठ-दहा मिनिटं. मुलाला प्रूफ पाठवलं. "ओके ताई, द्या प्रिंटला," असं त्याचं उत्तर आलं.

सकाळी साडेआठला त्याचा फोन. आवाज चढलेला नव्हता. म्हणाला, "ताई, फ्लेक्स उतरवलाय. आईला बघवंना."

तेरावं झाल्यावर त्याची आई स्वतः आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागदावरचा मूळ फोटो. स्टुलावर बसल्या, पाणी नको म्हणाल्या, आणि म्हणाल्या, "ह्यांस्नी बोडकं कशापायी केलंस गं पोरी?"

तो पट्टा केस नव्हते. ती टोपी होती. पांढरी गांधी टोपी, पांढऱ्या भिंतीपुढे. वरची अर्धी टोपी भिंतीबरोबर मी काढली आणि खालची अर्धी ब्रशनं घासून तिचं टक्कल केलं. उभ्या हयातीत जो माणूस उघड्या डोक्यानं उंबऱ्याबाहेर पडला नाही, त्याला मी त्याच्या दहाव्याला तसा घाटावर उभा केला. आणि बोडकं हा शब्द आपल्याकडे बाईच्या बाबतीत काय अर्थानं येतो, हे मी सांगायला नको. तो शब्द त्या तेरा दिवसांनंतर त्यांच्याच तोंडून यावा, हे मला अजून सोसत नाही.

पुढची कितीतरी वर्षं मी ही गोष्ट सांगताना माझी बाजू आधी मांडायची. फोटो रात्री आला. मोबाईलवरून दाबला जाऊन आला, टोपीची कड त्यात उरलीच नव्हती. मुलानं स्वतः ओके दिलं. हे सगळं खरं आहे. पण दहा दिवस झोप नसलेल्या माणसानं बोटभर स्क्रीनवर दिलेल्या ओकेला मी ढाल करत होते. फाटकी कड मी पाहिली होती. फाटके केस नसतात. एक फोन करून "डोक्यावर काय आहे?" एवढं विचारायला अर्धा मिनिट लागला असता. विचारलं नाही, कारण उत्तर आलं असतं तर काम वाढलं असतं.

त्या दिवशी मी तो कागदी फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला आणि मोठा करून बघितला. दोन पांढरे वेगळे होते. चुन्यात नीळ घातलेली, म्हणून भिंत जरा निळसर. टोपी हातानं धुतलेली, वापरातली, किंचित पिवळसर. मधे केसाएवढी सावलीची रेघ. पेन टूलनं, म्हणजे हातानं कड आखायच्या टूलनं, एकेक पॉइंट टाकत गेले. जिथे रेघही पुसट होती तिथे आजी उठून माझ्या खुर्चीमागे आल्या आणि स्क्रीनवर बोट ठेवून सांगू लागल्या. "हितं न्हाई. वर. ही घडी उभी असायची. तांब्यात इस्तू घालून रोज सकाळी स्वतः फिरवायचे, मला हात लावू देत नव्हते." मी पॉइंट वर घेतला. "आता टोक डावीकडं. न्हाई, एवढं न्हाई." दीड तास गेला. घरात लावायला फोटो करून दिला. पैसे घेतले नाहीत, घेण्यासारखे नव्हतेच. त्यांनी फोटोवरून एकदा हात फिरवला, टोपीवरूनच, आणि पिशवीत ठेवला. बरा झालाय की नाही, काही बोलल्या नाहीत.

ज्या गणिताला उत्तर नाही म्हणून मी फळ्यावर लिहायचे, त्याचं उत्तर त्या बाईंच्या बोटात होतं.

त्यानंतर दोन वर्षं मी वाँडला हातच लावला नाही. पेढ्याचा बॉक्ससुद्धा पेन टूलनं कापायची. गिऱ्हाइकं ताटकळली, काही तुटली. तेव्हा मला वाटायचं मी फार प्रामाणिक काम करतेय. आज वाटतं, प्रायश्चित्त माझं होतं आणि वेळ मात्र लोकांचा जात होता. पेढ्याच्या बॉक्सला कोणी बोडकं म्हणणार नव्हतं. क्लासमध्ये "पेन टूल येत नाही तो डिझायनर नाही" असं मी ठासून सांगायचे, तेही आता तोंडात येत नाही. चांगली कड कुठून आली याच्याशी फोटोला देणंघेणं नसतं.

भाच्याशी भांडल्यावर त्या रात्री मी एक करून पाहिलं. तो जुना, मोबाईलवर आलेला फोटो माझ्या फोल्डरमध्ये अजून आहे. तो नव्या एका क्लिकवाल्या टूलमध्ये टाकला. टोपी शाबूत आली. टोकासकट, घडीसकट. मी बराच वेळ बघत बसले. त्या टूलनं हजारो टोप्या पाहिल्या असतील, म्हणून त्याला डोक्यावर टोपी अपेक्षित होती. मला नव्हती. कराडात जन्म काढूनही मला नव्हती. म्हणजे भाचा बरोबर? त्या एका फोटोपुरता, हो. २०१७ला हे असतं तर त्या घाटावर रडू वेगळ्या कारणाचं असतं.

फक्त उपरण्याचं एक टोक खुर्चीच्या हातावर पडलं होतं, ते खुर्चीबरोबर गेलं. ते ठेवायचं की नाही, हे टूल मला विचारत नाही. न विचारताच इतकं स्वच्छ कापून देतं की काही गेलंय असा संशयही येऊ नये. माझी कड निदान फाटकी होती. फाटकी होती म्हणून ती चूक दिसायला तरी जागा होती, मी डोळा चुकवला ही गोष्ट वेगळी. पण हे म्हणताना मी माझंच दुकान सांभाळतेय का, असंही मनात येतं, आणि ते नाही म्हणायची माझी हिंमत नाही.

गेल्या आठवड्यात एकजण आईचा फोटो घेऊन आला. डोक्यावरून पांढऱ्या साडीचा पदर, मागे दवाखान्याचा पांढरा पडदा. क्लिक केलं, छान सुटा झाला. तरी विचारलं, "पदर इथपर्यंतच असायचा का हो? का कानावरून पुढे?" तो गोंधळला. म्हणाला, "तसं कधी बघितलंच नाही ओ मॅडम." मग फोन काढून बहिणीला लावला. बहीण बहुधा तिकडे रडायला लागली, कारण तो नुसताच "हं, हं" करत पायरीवर जाऊन उभा राहिला. मी फाईल तशीच उघडी ठेवून थांबले. वीस मिनिटांनी आत येऊन स्वतःच्या कानावर हात ठेवून म्हणाला, "इथून. आणि हा एक कान नेहमी उघडा."

त्याच्या बिलात मी तीनशे लावले.