काकांचा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता

स्ट्रक्चरल ऑडिट म्हटलं की लोकांना वाटतं मी हातोडीने टकटक करतो आणि बिल्डिंग पडणार की नाही ते सांगतो. टकटक करतो हे खरंय. दुसरं मलाही सांगता येतं का, यावर गेले काही महिने डोकं चालू आहे.

मुलुंडमधली सोसायटी, 1983 ची, खाली स्टिल्ट पार्किंग, म्हणजे भिंतींशिवाय नुसत्या कॉलमवरचं, आणि वर चार मजले. मुंबईत तीस वर्षांवरच्या बिल्डिंगचं ऑडिट करावंच लागतं पण निम्म्या सोसायट्यांना त्याची आठवण गेटवर बिल्डर आल्यावरच होते. इथेही तेच, मी बूटसुद्धा काढले नव्हते तोवर सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, सी-वन बसतंय का बघा ना." सी-वन म्हणजे रिकामी करा आणि पाडा. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी चहा देता देता उलटं सांगितलं, फक्त रिपेअर लिहा, एकदा बाहेर पडलो की परत कधी येणार. दोघांचंही मला पटत होतं, हाच त्रास.

टेस्ट मात्र मनापासून केल्या. रिबाउंड हॅमर (वरून ठोकून काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज), अल्ट्रासॉनिक (काँक्रीटमधून ध्वनिलहर सोडून), हाफ सेल (सळीच्या गंजाचा अंदाज), सहा कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेले दंडगोल). कोअरवर फिनॉल्फथॅलीन फवारलं की धड काँक्रीट गुलाबी होतं, जिथवर रंग येत नाही तिथवर हवेने ते खाल्लेलं असतं आणि आतल्या सळीला गंज धरायला रस्ता मोकळा. इथे बहुतेक कोअरमध्ये गुलाबी सळीच्या आधीच सुरू होत होतं, म्हणजे चाळीस वर्षांच्या मानाने मस्तच. अल्ट्रासॉनिकचा वेगही बहुतेक ठिकाणी साडेतीन किलोमीटर प्रति सेकंदाच्या वर, चांगला म्हणतात तो. बाथरूमखालचे स्लॅब तेवढे गेलेले, ते जातातच, मुंबईच्या बिल्डिंगा समुद्राने कमी आणि वरच्या मजल्याच्या गळतीने जास्त खाल्ल्यात.

मग स्टिल्टमधला एक कॉलम उघडला. मिस्त्रीने छिन्नीने सळ्यांवरचं काँक्रीट उडवलं आणि मी टेप लावली. उभ्या सळ्यांना आवळणाऱ्या सहा एमएमच्या रिंगा, नऊ नऊ इंचांवर, टोकं नुसती काटकोनात वळवलेली. त्या काळच्या मानाने चोरी नाही हं ही, भूकंपासाठी सळई कशी बांधायची याचा आपला स्वतंत्र कोडच 1993 चा. आता टोक 135 अंशात आत वळवायचं आणि बीमच्या सांध्याजवळ रिंगा चार इंचांच्या आत. कारण वर विटांच्या भिंती भरलेल्या म्हणून ताठ, खाली नुसते पाय, जमीन हलली की सगळा हेलकावा त्या पायांवर येतो, मग काटकोनातली रिंग उघडते, उभ्या सळ्या बाहेर फुगतात आणि आतलं काँक्रीट भुगा होऊन सांडतं. 26 जानेवारी 2001 ला अहमदाबादमध्ये अशाच स्टिल्टवाल्या बिल्डिंगा बसल्या, केंद्रबिंदू दोनशे किलोमीटरपेक्षा लांब असताना. भूकंपाच्या धोक्याच्या तेव्हाच्या नकाशात अहमदाबाद झोन तीन. मुंबईही झोन तीन.

तळमजल्यावर टॉर्च धरून एक काका उभे होते, मूळचे कोयनेजवळच्या पाटणचे. टेपकडे बघत म्हणाले, "1967 ला, कोयनेच्या भूकंपात, मी नऊ वर्षांचा होतो. पहाटे आईने ओढून बाहेर काढलं म्हणून आहे. भूकंप आला तर हे उभं राहील का हो?"

इतक्या ऑडिटमध्ये हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला. आमच्या फॉर्ममध्येही तो नाही. तडे, गंज, गळती, झुकाव, सगळ्याला रकाने आहेत, पण सी-वन ते सी-थ्री ही अक्षरं बिल्डिंग किती कुजली तेवढंच सांगतात, मुळात कशी बांधली ते नाही. मी काकांना म्हटलं, रिपोर्टमध्ये लिहितो.

लिहिलंही. कॅटेगरी सी-टू-बी, म्हणजे राहत राहत दुरुस्ती, दुसरं काही लिहिलं असतं तर खोटं झालं असतं. आणि पान अकरावर एक परिच्छेद, स्टिल्टच्या कॉलमना जॅकेटिंग करा, म्हणजे भोवती नव्या सळ्या आणि काँक्रीटचा थर द्या, गाड्यांची वाट सोडून दोन्ही दिशांना काही ठिकाणी पायापासून आरसीसी भिंती घ्या, सविस्तर डिझाइन वेगळं करून घ्या. मीटिंगमध्ये पहिलं पान वाचलं गेलं. दुसऱ्या मजल्याने टाळ्या वाजवल्या, सेक्रेटरी फाइल आपटून म्हणाले दुसरा ऑडिटर आणतो. (आणतातही लोक, मग दोन रिपोर्ट भांडतात आणि प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक समितीकडे जातं. इथे तेवढा दम कुणात नव्हता.) कुणीतरी विचारलं, "म्हणजे बिल्डिंग सेफ ना?" आणि मी म्हटलं, "दुरुस्ती केली तर." पान अकरा उघडा असं म्हणायला हवं होतं. साडेनऊ वाजून गेले होते, सगळे उठत होते, मीही उठलो.

गेल्या महिन्यात काम बघायला गेलो. बाथरूमचे स्लॅब झाले, बाहेरून रंग झाला, आणि स्टिल्टच्या कॉलमना छातीइतक्या उंचीपर्यंत ग्रॅनाइट लावलंय, कमिटी खूश. उघडलेला कॉलम ओळखूच येईना, जिन्यापासून मोजत गेलो तेव्हा सापडला, तिसरा. काका गावाला गेलेत म्हणे. माझं शेवटचं बिल अजून यायचंय.