आमची वाटचाल : कूलरच्या मोटारीपासून गोटीच्या मशीनपर्यंत

आमचं दुकान गांधीबागेत, कापडाच्या ओळीमागच्या बोळात आहे. 1974 साली बाबांनी ते सुरू केलं तेव्हा पाटीवर 'मोटार वायंडिंग' एवढंच होतं, आणि आजही मोठ्या अक्षरांत तेच आहे. नागपुरात वायंडिंगवाल्याचं वर्ष म्हणजे उन्हाळा. मार्चात घरोघरी कूलर माळ्यावरून उतरतात, टाक्या धुतल्या जातात, नवी ताटी लागते आणि मग कळतं की पंप जाम आहे किंवा पंख्याची मोटार जळली आहे. होळीपासून मृग लागेपर्यंत आम्हाला जेवायची फुरसत नसते. पाऊस सुरू झाला की बाकावर धूळ बसायला लागते. 2011 च्या अशाच एका रिकाम्या श्रावणात एक गिऱ्हाईक वर्तमानपत्रात गुंडाळलेली जळकी कॉइल घेऊन आलं. बाबांनी ती हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाले, "ही मोटारची नाही बाप्पा."

ती पिनबॉलच्या, म्हणजे उतरत्या फळीवर पोलादी गोटी खेळवून गुण मिळवायच्या मशीनच्या, फ्लिपरची कॉइल होती. गोटी परतवणारी ती छोटी पट्टी हलवणारी. आमच्या घरात तेव्हापासून या खेळाला 'गोटीचं मशीन' हेच नाव पडलं आहे. त्या माणसाने एका मीना बाजारवाल्याकडून बंद पडलेलं मशीन विकत घेतलं होतं, आणि शहरात कोणी हात लावायला तयार नव्हतं.

कॉइल उलगडताना आम्हा दोघांनाही मजा आली. आत दोन वेढण्या होत्या. एक जाड तारेची, कमी वेढ्यांची. बटण दाबताच पट्टीला झटका देते ती हीच. दुसरी बारीक तारेची, भरपूर वेढ्यांची. वर गेलेली पट्टी धरून ठेवणं हे तिचं काम. पट्टी पूर्ण वर गेली की शेवटाला एक पत्तीचा स्विच उघडतो, बारीक वेढणी जाड वेढणीच्या ओळीत येते आणि करंट एकदम उतरतो. ती पत्ती वाकून उघडेनाशी झाली की जाड तारेतून करंट वाहत राहतो आणि कॉइल जळते. म्हणजे नुसती कॉइल बांधून दिली असती तर आठ दिवसांत पुन्हा जळली असती. बाबांनी गिऱ्हाईकाला सांगितलं, "मशीनच घेऊन ये."

ते मशीन म्हणजे शिकागोच्या गॉटलीब कंपनीचं 1976 चं 'रॉयल फ्लश'. चार खेळाडूंचं. मैदानावर, म्हणजे गोटी पळते त्या फळीवर, पत्त्यांच्या चित्रांची टार्गेट ओळीनं उभी असतात, गोटी लागली की पत्ता खाली पडतो. आत एकही चिप नाही. रिले म्हणजे विजेने उघडझाप होणारे स्विच, पायरीपायरीनं सरकणारी चाकं, गुण मोजणारी एक मोटार आणि कापडी वेष्टणाच्या तारांचे जुडगे. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, पण ते बघून मला बाबांचंच शिक्षण जास्त उपयोगी वाटलं. पुढे वाचताना कळलं की त्याच वर्षी न्यूयॉर्क शहराने पिनबॉलवरची तीसेक वर्षांहून जुनी बंदी उठवली होती. तिथे याला जुगार समजत असत.

यानंतर मी जे केलं ते सविस्तर लिहिते, कारण आमच्या कामाची आजची पद्धत त्यातूनच आली.

मला ते मशीन नव्यासारखं करायचं होतं. पेटीचा उडालेला रंग मी पॉलिश पेपरने पार लाकडापर्यंत घासून काढला. चितार ओळीतल्या एका कलाकाराकडून नवा रंग चढवून घेतला, मूळच्यापेक्षा भडक. त्याने काम सुरेख केलं, दोष माझ्या निवडीचा. खेळाच्या फळीवर गाडीला मारतात तसा क्लिअर कोट दोन हात मारून घेतला. पेटीच्या आत फळीवर पेन्सिलीनं काहीबाही लिहिलेलं होतं: तारखा, फ्यूजचे आकडे, एका रिलेकडे काढलेला बाण. ते मला घाण वाटलं. तेही घासलं आणि आतून पांढरा रंग दिला. गिऱ्हाईक खूश झालं. मीही खूश होते, फोटो काढून काचेखाली ठेवला होता.

सहा महिन्यांनी तक्रार आली. तिसऱ्या खेळाडूचे गुण मध्येच चौथ्याच्या चाकावर चढायचे. मी आणि बाबा अकरा दिवस तारा तपासत होतो. शेवटी गिऱ्हाईकाने ज्याच्याकडून मशीन घेतलं होतं त्या मीना बाजारचा जुना मिस्त्री शोधून आणला. साठीचा, शांत माणूस. त्याने झाकण उघडलं, पांढऱ्या फळीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "वो तो अंदर लिखा था, मॅडम." त्या बाणाचा रिले त्याने पूर्वी एकदा बदलून दुसऱ्या मशीनमधला बसवला होता. त्याची पत्ती थोडी वाकडी ठेवावी लागते, हे त्याने तिथेच लिहून ठेवलं होतं. दहा मिनिटांत त्याने ती पत्ती वाकवून दिली.

जाताना तो एक डाव खेळला. दोन गोट्या गेल्यावर थांबला. गोटी पळते फार, म्हणाला. मला आधी कळलंच नाही. पण बरोबर होतं त्याचं. पोलादी गोटी असते 27 मिलिमीटरची, वजन 80 ग्रॅम. जुन्या लाखेच्या फळीवर ती जशी घरंगळते तशी काचेसारख्या कोटवर घरंगळत नाही, सुटते. ज्या मशीनला तीन-साडेतीन अंशांचा हलका उतार दिलेला असतो, त्याचा सगळा खेळ त्या संथपणावर बेतलेला असतो. मी ते मशीन चकचकीत केलं आणि त्याचा खेळ बदलून टाकला. तो कोट आता निघत नाही. काढायला गेलं तर खालचं छापील चित्र त्याच्याबरोबर येतं.

दुसरा धडा 2013 च्या मे महिन्यात मिळाला. त्या महिन्यात नागपूरचा पारा 47.9 वर गेला होता. एका मशीनची मागची चित्राची काच आम्ही टिनाच्या माळ्यावर ठेवली होती. या काचेवरचं चित्र मागच्या बाजूने छापलेलं असतं. आधीच दिव्यांच्या उष्णतेनं सुकलेला तो रंग माळ्यावर पापुद्रे धरून सुटला. काच उचलली तेव्हा एका बाईच्या चेहऱ्याचा अर्धा भाग खाली वर्तमानपत्रावर राहिला. ते पापुद्रे मी डबीत ठेवले आहेत अजून. तेव्हापासून काच आमच्या राहत्या खोलीत, कूलरच्या वाऱ्यापासूनही लांब, उभी ठेवतो.

त्यानंतर बाबांचा आणि माझा मोठा वाद झाला, तो अजून पुरता मिटलेला नाही. मी एकदम दुसऱ्या टोकाला गेले होते. काहीच बदलायचं नाही, असं म्हणायला लागले. बाबा म्हणाले, "मग मोतीबागेत नेऊन ठेव." मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयातली इंजिनं त्यांना फार आवडतात, पण दरवेळी तिथून परतताना ते म्हणतात की धूर नाही गं. त्यांच्या लेखी जी मोटार फिरत नाही ती भंगार. त्यांनी मला तान्ह्या पोळ्याच्या नंदीचं उदाहरण दिलं. आमच्या घरचा लाकडी नंदी त्यांच्या आजोबांच्या वेळचा आहे. दर पोळ्याला त्याला रंग लागतो. "तो जुना नाही काय? दरवर्षी मिरवतो म्हणून तर टिकला."

मला उत्तर सुचायला बरेच दिवस लागले. नंदीला रंग आपण वरून देतो, कोणी त्याला आधी लाकडापर्यंत घासत नाही. पणजोबांचा रंग आजही खाली आहेच. मी त्या मशीनच्या बाबतीत घासलं होतं.

आता कामाला हात घालण्याआधी मी एकच बघते: उद्या दुसऱ्या कोणाला हे परत होतं तसं करता येईल का? येत असेल तर करते. फळीला क्लिअर कोट नाही, पेटी घासायची नाही, नव्या भोकांसाठी ड्रिल लावायचं नाही. निघालेला प्रत्येक भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून पेटीच्या तळाशी ठेवायचा, जळका असला तरी. आतल्या पेन्सिलीच्या ओळींचे आधी फोटो, आणि शेजारी आमच्या ओळी पेन्सिलीनंच.

पण हट्टाने जुनं ठेवायचं नाही अशाही गोष्टी आहेत, आणि त्यांवर मी गिऱ्हाईकाचं ऐकत नाही. अर्थिंग नसलेला दोन पिनांचा प्लग मी परत लावून देणार नाही, तो कितीही मूळचा असो. फ्यूजच्या जागी बांधलेली जाड तार दिसली की आधी ती निघते. 1977 च्या सुमारास मशीनमध्ये मायक्रोप्रोसेसरचे बोर्ड आले. बॅली कंपनीचं 'एट बॉल' त्याच वर्षीचं, त्याची वीस हजारांवर मशीनं निघाली होती. त्या पिढीच्या बोर्डांवर मेमरी टिकवण्यासाठी निकेल-कॅडमियमची बॅटरी डाख देऊन बसवलेली असते. ती म्हातारी झाली की पाझरते आणि तांब्याच्या रेषा हिरव्या करून खाते. असं मशीन आलं की चहाच्या आधी बॅटरी कापतो. तिला वाचवायला गेलं तर बोर्ड जातो.

दिव्यांचं प्रकरण अवघड आहे. जुना 44 नंबरचा दिवा 6.3 व्होल्टवर 250 मिलिअँपिअर घेतो, 47 नंबरचा 150. एलईडी त्याहून खूप कमी आणि जवळजवळ थंड. शुद्धतावाद्यांना एलईडी चालत नाही, आणि निळसर पांढऱ्या उजेडात जुनी चित्रं आजारी दिसतात हे मलाही पटतं. पण मी तो चेहऱ्याचा पापुद्रा पाहिला आहे. म्हणून काचेमागे पिवळसर एलईडी आणि मैदानावर 47 नंबर, असं करते. दिवे हातानं फिरवून निघतात, कोणाला नको असतील तर पाच मिनिटांचं काम.

विजेच्या फरकाबद्दलही विचारणा होते. अमेरिकेत 60 हर्ट्झ, आपल्याकडे 50. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरवता येतात, पण गुण मोजणारी मोटार फ्रिक्वेन्सीवर चालते, ती इथे पाच-षष्ठांश वेगानेच फिरते. 50 गुण मिळाले की चाक टक, टक, टक, टक, टक असं पाचदा सरकतं. गांधीबागेत ते शिकागोपेक्षा सावकाश. एका गिऱ्हाईकाने मोटार बदलून द्या म्हटलं. मी नको म्हणाले. मीना बाजारात ज्यांनी ते मशीन खेळलं त्यांनी हाच ठेका ऐकला आहे.

रंगीत स्क्रीन बसवा, स्पीकर लावून गाणी वाजवा, अशी कामं मागणारे बरेच येतात. त्यात पैसा चांगला आहे, आणि दोन पावसाळे आम्ही तंगीत काढले ते अशी कामं परत पाठवल्यामुळेच. ज्याला हवं त्याने नवं मशीन घ्यावं, असं मी सरळ सांगते. काही जण रागावून जातात. रायपूरचे एक काका रागावून गेले आणि तीन महिन्यांनी तेच मशीन घेऊन परत आले, जसं होतं तसंच चालू करून द्या म्हणून.

बाबा आता फक्त कॉइल बांधतात. त्यांच्याकडूनही एकदा चूक झाली. काही कंपन्यांच्या कॉइलवर कागदी पट्टीवर 23-800 असं लिहिलेलं असतं: 23 नंबरची तार, 800 वेढे. बंपरची, म्हणजे गोटी लागताच तिला उडवून देणाऱ्या गोल खुंटीची, तशी एक कॉइल त्यांनी आपल्याकडच्या 23 नंबरने बांधली. वेढे बॉबिनमध्ये, म्हणजे तार गुंडाळायच्या रिळात, मावेनात, आणि मावले तेव्हा बंपर गोटीला असा फेकायचा की समोरचं प्लास्टिक तडकलं. आपला 23 नंबर 0.61 मिलिमीटरचा, अमेरिकेचा 0.573 चा. दोन्ही देशांचे तारेचे नंबर वेगळे. तेव्हापासून बाबा मायक्रोमीटरशिवाय तार घेत नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर एकाने मागणी केली की नव्या कॉइलवर शिकागोची जुनी पट्टी हुबेहूब छापून लावा, म्हणजे मशीन विकताना मूळची वाटेल. मला क्षणभर मोह झाला. छापून घेणं सोपं आहे, आणि दिसायलाही छान. वास्तूंच्या जतनाबद्दल 1964 साली व्हेनिसमध्ये जी सनद ठरली तिच्यात म्हटलं आहे की नवा भाग जुन्याशी जुळावा, पण वेगळा ओळखूही यावा. मी बाबांना ते वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा लावला आणि कॉइलला पांढरा कागद गुंडाळून त्यावर बॉलपेनने तारेची जाडी मिलिमीटरमध्ये, वेढे, महिना आणि 'नागपूर' असं लिहिलं. गिऱ्हाईकाने त्या कॉइलचे पन्नास रुपये कमी दिले. बाबांनी ते वहीत मांडून ठेवले आहेत.