कोणते फॉर्म काढू?

‘स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेल बसत नाही, तर कोणते फॉर्म काढू?’ असे नागपुरातील संशोधक विद्यार्थी मला कित्येक वर्षे विचारत आले आहेत, आणि मी एकही काढू देत नाही म्हणून मला हटवादी ठरवतात. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून एकदा लिहूनच टाकते. हे मॉडेल म्हणजे प्रश्नावलीच्या उत्तरांमागच्या, थेट न मोजता येणाऱ्या गोष्टींचे परस्परसंबंध मांडणारे गणित. ते उत्तरांशी जुळले नाही की ‘बसत नाही’ म्हणतात, आणि मग काही जणांचे भरलेले फॉर्म वगळण्याचा मोह होतो.

उत्तरे एका बाजूला झुकलेली असतील, तर मॉडेलची कसोटी त्यानुसार सुधारून घेणारी सटोरा-बेंटलर दुरुस्ती आहे, फॉर्म काढावे लागत नाहीत. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९३६ मध्ये मांडलेले अंतर एखादी नोंद इतरांपासून किती दूर आहे एवढेच सांगते. ती खोटी आहे असे सांगत नाही. माझा खरा वाद कोऱ्या उत्तरांबद्दल आहे.

माझ्या प्रबंधासाठी मी हिंगणा एमआयडीसीतील कामगारांकडून ३१२ फॉर्म भरून घेतले होते. त्यांपैकी ५८ जणांनी नोकरीच्या शाश्वतीचे प्रश्न कोरे सोडले. प्रत्येक जोडीसाठी मिळतील तेवढी उत्तरे घेतली, तर सहप्रसरणांची, म्हणजे दोन-दोन उत्तरे एकत्र किती बदलतात याची, सारणी पॉझिटिव्ह डेफिनिट राहीना, म्हणजे तिच्यातले आकडे एकमेकांशी विसंगत ठरत, आणि प्रोग्राम थांबे. शेवटी मी ते ५८ फॉर्म सरसकट वगळले. मॉडेल सुरेख बसले, मार्गदर्शक समाधानी झाले आणि पदवी मिळाली. पुढे घर बदलताना तो गठ्ठा हाती आला, तेव्हा मी प्रथमच पाहिले की त्यांतील ४१ जण कंत्राटी होते. ज्यांच्या नोकरीला शाश्वती नव्हती, त्यांनाच मी शाश्वतीच्या अभ्यासातून बाहेर काढले होते. एका कोऱ्या उत्तराशेजारी पेन्सिलीने लिहिलेले होते, ‘हे सायबाले दाखवता का?’ ते वाचून मी बराच वेळ जमिनीवरच बसून राहिले.

मुदत संपत आली होती आणि सगळेच तसे करत, असे त्या वेळची मी म्हणेल, आणि ते खोटे नाही. पण उत्तरे कोणत्या कारणाने गहाळ होतात याचे वर्गीकरण संख्याशास्त्रज्ञ रुबिन यांनी १९७६ मध्येच मांडले होते. मी ते वाचले नव्हते, एवढेच. कोणालाही न वगळता प्रत्येकाची मिळालेली तेवढी उत्तरे वापरणारी फुल इन्फर्मेशन मॅक्झिमम लाइकलिहुड ही पद्धत वापरून, कंत्राटी असणे हे सहायक चल, म्हणजे कोरेपणा समजायला मदत करणारी जादा माहिती, म्हणून घेतले असते, तर ते ५८ जण हिशेबात राहिले असते.

तरीही प्रश्न सुटला असता असे मी म्हणणार नाही. उपलब्ध माहितीवरून कोरेपणाचा उलगडा होतो, हे त्या पद्धतीचे गृहीतक आहे. पेन्सिलीने लिहिणारा मात्र कदाचित स्वतःच्या उत्तरालाच घाबरला होता, आणि तसे असेल तर तीही पद्धत चुकते. वेगवेगळी गृहीतके धरून निष्कर्ष किती हलतो हे तपासता येते, पण त्यांतले खरे कोणते हे आकडे सांगत नाहीत. तेव्हा येताना तुमचे कोरे फॉर्म घेऊन या आणि ते कोणी, कुठे, कोणासमोर भरले, हे आठवून या.