चितळ मोजायला कॅमेरा कशाला?

वन्यजीवशास्त्राची मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, कॅमेरा ट्रॅप कुठला घेऊ?" म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो टिपणारा कॅमेरा. कोणता प्राणी मोजायचाय, हे त्यानंतर कळतं. मला हे काळजीचं वाटतं.

वाघासाठी कॅमेरा उत्तमच. प्रत्येकाचे पट्टे वेगळे, शिवाय डाव्या आणि उजव्या कुशीवरचेही सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावायचे. तोच वाघ किती वेळा परत टिपला जातो, यावरून न टिपलेल्यांचाही अंदाज बांधता येतो. रानकुत्र्याच्या अंगावर अशी खात्रीची खूण नसते. शंभर फोटो मिळाले, तरी ती शंभर कुत्री की एकाच कळपाच्या फेऱ्या, कसं सांगणार?

चितळ, सांबर, गव्यासाठी ट्रान्झेक्ट लाइन, म्हणजे जंगलात आखलेली ठरावीक सरळ वाट, चालावी. उजाडताना, दोघांनी, न बोलता. कळप दिसला की थांबायचं, रेंजफाइंडरने अंतर घ्यायचं, होकायंत्रावर कोन बघायचा, संख्या लिहायची. अंतर घ्यायचं ते कळप पहिल्यांदा दिसला त्या जागेचं. पळून जिथे थांबला तिथलं नव्हे. उन्हाळ्यात सागाचा पाचोळा पायाखाली असा कडकडतो की चितळं आधीच सटकतात आणि संख्या कमी निघते. म्हणून लाइन आधी झाडून घ्यावी लागते. वनरक्षक ते काम मुकाट्याने करतात. त्या झाडलोटीवर सगळं गणित उभं असतं.

बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजतात, ती रात्र मला प्रिय आहे. सगळ्यांनी ती अनुभवावी. पण त्या रात्रीचे आकडे 'एकूण प्राणी' म्हणून छापले की जीव तुटतो. एकच अस्वल दोन पाणवठ्यांवर जाऊ शकतं. आणि सह्याद्रीत बारमाही झरे असतील, तिथे गवा तुमच्याच पाणवठ्यावर का येईल? चुकीच्या आकड्याची किंमत राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात मोजून झालीय. पगमार्कच्या, म्हणजे पावलांच्या ठशांच्या, हिशोबात वाघ होते; 2005 साली कळलं, जंगलात एकही उरला नव्हता. 2006 पासून देशभरची व्याघ्रगणना कॅमेरा आणि ट्रान्झेक्टवर आली.

पैसे नसतील तर शेकरू निवडा. एकच शेकरू अनेक घरटी बांधतं, त्यामुळे घरटी मोजून शेकरू किती ते कळणार नाही. पण त्याच वाटा, त्याच ऋतूत, दरवर्षी चाललात तर वाढ की घट, याचा सुगावा लागतो. दुर्बीण आणि वही पुरते. तेवढं घेऊन भीमाशंकरला या.