आमची वाटचाल : पुटं किती दिलीस?

आमच्या आमसुलांच्या उद्योगाचं पहिलं गिऱ्हाईक, पहिले परीक्षक आणि माझे सगळ्यात जवळचे मित्र तात्या या फाल्गुनात गेले. वय 85. त्यामुळे यंदाची वाटचाल लिहायला बसले की त्यांच्यापासूनच सुरुवात होते.

2013 च्या मे महिन्यात मी आणि जाऊबाईंनी घरच्या सहा झाडांच्या रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, 60 किलो आमसुलं केली. ती घेऊन मी चिपळूणच्या बाजारात फिरले. एका दुकानदाराने सांगितलं, मीठ वाढवा, वजन भरेल. तात्यांच्या किराणा दुकानात गेले तर त्यांनी एक आमसूल गालात धरलं आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बाय, पुटं किती दिलीस?"

"तीन."

"घाई केलीस. सालीला रस पुरता पिऊ दे, मग वाळव, मग परत बुडव. सहा-सात वेळा. आणि मिठाचे पैसे कुणाकडून घेऊ नको."

पाच किलो ठेवून घेतली, बाकीची परत पाठवली. एसटीत मला रडू आवरेना. बारा दिवसांनी तीच आमसुलं काळीभोर, मऊ होऊन त्यांच्यापुढे आली, तेव्हा त्यांनी सगळी घेतली, पूर्ण भावाने.

त्यानंतर दर मे महिन्यात पहिली खेप वाळली की तात्या काठी टेकत पाखाडी चढून यायचे. फणसाखाली बसून वाळवणाच्या प्रत्येक तट्ट्यातलं एक आमसूल चाखायचे. गिरगाव, दादर, ठाण्याच्या त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते त्यांनीच स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून दिले. आजही आमची निम्मी विक्री त्याच पत्त्यांवर होते. अन्नसुरक्षेची नोंदणी, लेबलं, पिशव्या हे सगळं यथावकाश झालं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. झाडांचं मात्र सांगायला हवं. आम्ही बियांची रोपं लावायला निघालो होतो. तात्यांनी अडवलं. बियांच्या रोपांत निम्मी नर निघतात, आणि ते कळतं पाच-सात वर्षांनी फुलल्यावर. ते आम्हाला स्वतः दापोलीच्या कृषी विद्यापीठात घेऊन गेले आणि 'कोकण अमृता' या कोकमाच्या जातीची कलमं आणवली. आज तीच बाग आम्हाला पोसते.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. बाजारातल्या आमच्या भाड्याच्या खोलीत संपूर्ण मोसमाचा माल होता. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा गुडघाभर चिखलात पिंपं आडवी पडलेली. आगळाच्या, म्हणजे रातांब्यांच्या खारवलेल्या रसाच्या, नऊ पिंपांची झाकणं शाबूत होती. आम्ही ती पुसून बाजूला ठेवत होतो. तात्यांचं स्वतःचं घर अर्धं भरलेलं, तरी ते आले. पिंपांकडे बघून एवढंच म्हणाले, "झाकणाला पुराचं पाणी लागलंय. हे आता आपलं नाही." नऊच्या नऊ ओतून दिली. ते 81 वर्षांचे, पायरीवर बसून बरण्या घासत होते.

पुढच्या जानेवारीत तात्या घरी आले. 50 लिटर आगळ हवं म्हणाले आणि पूर्ण पैसे मोजून ठेवले. मी म्हटलं, तात्या, रातांबे मे महिन्यात. "मग मे महिन्यात दे." दुकान तर त्यांनी केव्हाच मुलाकडे सोपवलं होतं. त्याच पैशांतून आम्ही नवीन पिंपं घेतली. उसने दिले असते तर मी घेतले नसते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

यंदा, 2025 मध्ये, पावसाने कहर केला. मान्सून 25 मे लाच कोकणात उतरला, त्याआधीही सरी कोसळतच होत्या. चार पुटं झालेली सालं तट्ट्यांवर, आणि निम्मी फळं अजून झाडावर. एकाने सुचवलं, मीठ जास्त घाला, टिकतील, विकून मोकळे व्हा. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. दोघींच्या मनात एकच आवाज होता. हाती लागली तेवढी फळं आम्ही आगळाला लावली, आणि तट्ट्यांवरची सालं ड्रायरमध्ये थोडी थोडी घालून उरलेली पुटं दिली. विजेचं बिल दुप्पट आलं. माल नेहमीच्या निम्मा झाला.

सातवं पुट वाळलं तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता. जाऊबाईंनी पहिलं आमसूल माझ्या तळहातावर ठेवलं. मी ते गालात धरलं आणि गप्प बसून राहिले, तात्या बसायचे तितका वेळ.