आमची वाटचाल : चाके जमिनीवर टेकल्यानंतरच

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात १९८९ साली आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक जुने लेथ आणि एक हातप्रेस एवढ्या भांडवलावर भाड्याच्या गाळ्यात काम सुरू केले, तेव्हा जुन्या स्पोर्ट्स कारच्या मागच्या सस्पेंशनचे बुश, म्हणजे सांध्यांत बसणाऱ्या रबर-धातूच्या छोट्या नळ्या, हा आमच्या पोटापाण्याचा विषय होईल, असे घरात कोणाच्या मनातही आले नव्हते. त्या काळी उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे सुटे भाग, शेतीपंपांचे शाफ्ट आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या पिना हीच कामे असत आणि आबांचा हात त्यांवरच बसलेला होता. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला, त्या गावातल्या कारागिराने ‘हा भाग मिळत नाही’ असे म्हणून हात झटकायचे नसतात, असे आबा मानत. आमच्या व्यवसायाला मिळालेले वळण त्यांच्या या एका स्वभावातून आलेले आहे.

गावातल्या एका वकीलसाहेबांची स्टँडर्ड हेराल्ड आमच्याकडे प्रथम आली, ती १९९२ च्या सुमारास. मद्रासच्या कारखान्यात १९६१ पासून सुमारे दशकभर बनलेली ही गाडी मूळच्या ट्रायम्फ हेराल्डची भारतीय आवृत्ती होती. तिच्या मागच्या सस्पेंशनची रचना अँबेसेडर किंवा फियाटपेक्षा अगदी निराळी आहे. त्या गाड्यांना मागे अखंड अॅक्सल आणि दोन बाजूंना लांबीत बसवलेले दोन पाटे (लीफ स्प्रिंग) असतात. हेराल्डला मात्र एकच पाटा, तोही आडवा, डिफरन्शिअलच्या, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या, डोक्यावर आवळलेला असतो. पाट्याच्या दोन्ही टोकांच्या डोळ्यांत, म्हणजे गोल छिद्रांत, रबरी बुश बसतात, त्या डोळ्यांना व्हर्टिकल लिंक नावाचा उभा दुवा अडकतो, दुव्याच्या खालच्या टोकाला नायलॉनच्या बुशांवर चाकाचे हाऊसिंग झुलते, आणि चाक पुढेमागे सरकू नये म्हणून प्रत्येक बाजूला एक रेडियस रॉड असतो, ज्याच्या दोन्ही टोकांना पुन्हा रबरी बुश असतात. अॅक्सल शाफ्ट डिफरन्शिअलजवळच्या एकाच सांध्यावर वर-खाली झुलतो, म्हणून या रचनेला स्विंग अॅक्सल म्हणतात. आपल्याकडच्या मेकॅनिकांना ती फारशी रुचली नाही आणि त्याच कंपनीने पुढे १९७२ मध्ये गॅझेल आणली तेव्हा मागे साधा अखंड अॅक्सल दिला. त्यामुळे हेराल्डचे मागचे काम करायला सहसा कोणी तयार नसे आणि वकीलसाहेब गावभर फिरून शेवटी आमच्या गाळ्यात आले होते.

गाडीच्या मागून अॅक्सिलरेटर दाबताना एकदा आणि सोडताना एकदा असा ‘टक्’ आवाज येत असे. वळणावर शेपूट बाजूला सरकल्यासारखी वाटे आणि मागच्या टायरांची आतली कड झिजलेली होती. आबांनी पहारीने पाट्याचे टोक हलवून पाहिले तेव्हा बुशचे रबर कडक होऊन भेगाळले असून आतली नळी एका बाजूला कलली आहे, हे स्पष्ट दिसले. नवे बुश बाजारात नव्हते. आबांनी मापे घेऊन नळ्या लेथवर काढल्या, रबर एका ओळखीच्या मोल्डिंगवाल्याकडून भरून घेतले आणि गाडी जॅकवर चढवून, चाके अधांतरी लोंबत असताना, सगळे बोल्ट ताकदीने आवळून काम पूर्ण केले. आवाज गेला आणि वकीलसाहेब समाधानाने गाडी घेऊन गेले.

चार महिन्यांत गाडी परत आली. नव्या बुशांचे रबर आतल्या नळीपासून सुटले होते. आम्ही रबराला दोष दिला, दुसरा संच विनामूल्य बसवला आणि तोही पावसाळा संपायच्या आत फाटला. त्या वेळी मी शाळेत होतो, परंतु आबांच्या चेहऱ्यावरची ती अस्वस्थता मला अजून आठवते. पैसे गेल्याचे त्यांना काही वाटत नव्हते, आपल्या हाताने केलेले काम टिकत नाही याचे शल्य त्यांना होते. तिसऱ्या वेळी त्यांनी घाई केली नाही. गाडी जॅकवर असताना त्यांनी पाट्याच्या डोळ्यावरून शेजारच्या दुव्यावर खडूने एक सरळ रेघ ओढली, मग गाडी खाली उतरवून दोन माणसांना आत बसवले आणि खाली वाकून पाहिले. रेघेचे दोन तुकडे झाले होते आणि त्यांच्यात बोटभर अंतर पडले होते.

आमचा सगळा व्यवसाय त्या बोटभर अंतरावर उभा आहे. रबर-धातू जोडाचा बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. त्याची बाहेरची नळी पाट्याच्या डोळ्यात घट्ट बसलेली असते, आतली नळी बोल्ट आवळताच दुव्याच्या दोन पाळ्यांमध्ये जखडली जाते आणि मधले रबर दोन्हींना चिकटलेले असते. चाक वर-खाली होते ते केवळ त्या रबराला पीळ पडतो म्हणून. बोल्ट ज्या स्थितीत आवळला जातो, ती रबराची विश्रांतीची स्थिती ठरते. चाक लोंबत असताना आवळले तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर रबराला पीळ पडतो आणि गाडी गॅरेजमध्ये नुसती उभी असतानाही तो सुटत नाही. त्यात रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याची भर पडते. स्विंग अॅक्सलच्या गाडीत लोंबते चाक आणि जमिनीवरचे चाक यांच्या कोनातला फरक पुष्कळ मोठा असल्यामुळे इतर गाड्यांत खपून जाणारी ही चूक इथे चार महिन्यांत उघडी पडते.

हे उमगल्यावरही एक गोष्ट शिकायची राहिली होती. गाडी जॅकवरून उतरवली की स्विंग अॅक्सलची चाके लगेच आपल्या जागी येत नाहीत. टायर जमिनीला धरून राहतात आणि चाके खालच्या बाजूने आत ओढलेली राहतात. गाडी दोन-तीन मीटर पुढे आणि तितकीच मागे ढकलल्यावरच ती नीट बसते. म्हणून आबांनी कर्ज काढून गाळ्यात खड्डा खणून घेतला, कारण चाकांवर पूर्ण भार असताना खालून पाना लावायचा असेल तर खड्ड्याशिवाय दुसरा सोपा उपाय नव्हता. तेव्हापासून आजपर्यंत आमच्याकडे मागचे बुश बदलले की गाडी खड्ड्यावर येते, पुढच्या दोन्ही जागांवर माणसाच्या वजनाची वाळूची पोती ठेवली जातात, गाडी पुढेमागे ढकलली जाते आणि त्यानंतरच शेवटचे आवळणे होते.

मी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन २००१ साली कामात आलो आणि रबर बाहेरून भरून घेण्याऐवजी स्वतःची तापती प्रेस घ्यावी, असा आग्रह धरला. नळ्यांवरचे तेल काढून, त्यांना वाळूच्या माऱ्याने खरवडून, चिकटद्रव्याचे दोन थर देऊन त्या साच्यात ठेवायच्या आणि सुमारे १५० अंश सेल्सियसला दाबाखाली रबर पक्के करायचे, ही कृती ऐकायला सोपी वाटते. परंतु नळीला नुसते बोट लागलेले असले तरी तेवढ्या जागेवर जोड सुटतो. रबर थंड होताना आकसते आणि दोन्ही नळ्यांना आत ओढून धरते, म्हणजे बुश जन्मतःच ताणाखाली असतो. यावर उपाय म्हणून बाहेरची नळी नंतर किंचित दाबून तिचा व्यास कमी करावा लागतो, जेणेकरून रबर ताणातून दाबाखाली येईल. ही पायरी आम्ही पहिली दोन वर्षे करत नव्हतो आणि आमचे त्या काळातले बुश आजच्यापेक्षा निकृष्ट होते, हे मला मान्य करायला हवे.

हेराल्डच्या मालकांमध्ये आमचे नाव तोंडोतोंडी पसरले आणि २००८ मध्ये पुण्याहून एका गृहस्थांनी ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३ पाठवली. त्यांचे वडील सत्तरच्या दशकात इंग्लंडहून परतताना ती बरोबर घेऊन आले होते. १९६२ ते १९८० या काळात बनलेली स्पिटफायर ही हेराल्डचीच धाकटी बहीण. दोन्हींचे रूप इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी रेखाटलेले आणि मार्क ३ च्या मागच्या सस्पेंशनची जात तीच. गाडीखाली शिरल्यावर मला परक्या ठिकाणी आल्यासारखे वाटलेच नाही. एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. हेराल्डचा रेडियस रॉड चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, धरलेला असतो, तर स्पिटफायरमध्ये तो आसनांच्या मागे बॉडीच्या पत्र्याला कंसाने (ब्रॅकेटने) जोडलेला असतो. तिथला पत्रा गंजला की नवा बुश घालूनही ‘टक्’ आवाज जात नाही, आणि मालकाचा समज होतो की बुशच वाईट निघाले. त्यामुळे आम्ही आधी तो पत्रा ठोकून, टोचून पाहतो. कंसामागे पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्यांवर मागच्या चाकांची दिशा ठरते. त्या किती निघाल्या हे बाजूनुसार लिहून ठेवल्याशिवाय आमच्याकडे कोणी बोल्टला हात लावत नाही.

त्या गाडीच्या पाट्याच्या डोळ्यातला बोल्ट गंजून आतल्या नळीशी एकजीव झाला होता. हातोडा मारला तर घाव रबरात मुरतो आणि बोल्ट जागचा हलत नाही, असा तो प्रकार असतो. चाकाखालचा भार जॅकने तोलून, शॉकअॅब्सॉर्बर सोडवून, डोळा आणि दुव्याची पाळी यांच्यामधल्या फटीत हॅक्सॉचे पाते घालून आम्ही बोल्ट दोन्ही बाजूंनी कापला. एका बाजूलाच एक दुपार गेली. डोळ्यात राहिलेला बुश जाळून काढण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, पण त्याने पाट्याच्या पोलादाची घडण बिघडू शकते आणि धूरही विषारी असतो. आम्ही रबर ड्रिलने पोखरतो, बाहेरच्या नळीला आतून पात्याने एक चीर देतो आणि ती मिटवून बाहेर काढतो. चीर डोळ्याच्या धातूपर्यंत जाऊ द्यायची नाही, एवढेच सांभाळायचे असते. नवा बुश आटे असलेल्या दांड्याने हळूहळू ओढून बसवतो, साबणाच्या पाण्याचा हात देऊन. तेल किंवा ग्रीस लावले तर नैसर्गिक रबर फुगते. बोल्टच्या दांड्याला मात्र गंजरोधक लेप देतो, म्हणजे पुढच्या वेळी कोणाला तो कापावा लागू नये.

याच गाडीने आम्हाला नायलॉनचा धडाही दिला. दुव्याच्या खालच्या सांध्यातले बुश मी मे महिन्यात अचूक मापाने कातले आणि जुलैमध्ये ते इतके घट्ट झाले की सांधा झुलेना. नायलॉन हवेतला ओलावा शोषून फुगते, हे मी पदविकेला शिकलो होतो, पण कोल्हापूरच्या पावसात ते हाताला जाणवल्यावर खरे समजले. त्यानंतर आम्ही नायलॉनचा दांडा कातण्याआधी गरम पाण्यात मुरवून ठेवू लागलो आणि पुढे ओलावा फार कमी शोषणाऱ्या अॅसिटल या प्लास्टिकचा पर्यायही ग्राहकांपुढे ठेवू लागलो.

रबराऐवजी पॉलियुरेथेन या कडक कृत्रिम पदार्थाचे बुश का बनवत नाही, असे तरुण मालक आवर्जून विचारतात. ते टिकाऊ असतात, तेलाने खराब होत नाहीत आणि त्यांत आतली नळी मोकळी फिरत असल्यामुळे पिळाचा प्रश्नही उरत नाही, हे सर्व खरे आहे. परंतु त्यांना योग्य ग्रीस मिळाले नाही तर ते करकरतात आणि रस्त्याची थरथर थेट बॉडीत पोहोचवतात. स्विंग अॅक्सलच्या गाडीत रेडियस रॉड आणि चाक आपापल्या वेगळ्या कमानीत फिरत असतात. त्यांच्यातली ओढाताण सोसायला बुशला थोडे सर्व दिशांनी लवचिक असावे लागते. शर्यतीसाठी कोणी कडक बुश वापरले तर मी त्यांना चूक म्हणणार नाही, पण रविवारी सकाळी पत्नीला शेजारी बसवून पन्हाळ्याचा घाट चढणाऱ्या माणसाला मी रबरच देतो.

दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक ही जुनी मोटार बाहेर निघते तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा उभी असणारी माणसे पाहिली की या गावाला जुन्या गाडीचे किती अप्रूप आहे ते कळते. पण अप्रुपावर व्यवसाय चालत नाही. एका साच्याचा खर्च भरून यायला आम्हाला किमान चाळीस बुश विकावे लागतात आणि काही साचे अजून त्या आकड्याच्या जवळही पोहोचलेले नाहीत. बरीच वर्षे ट्रॉल्यांच्या पिनांनीच या कामाला पोसले. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आणली, त्यानंतर शेडमध्ये झाकून ठेवलेल्या गाड्या बाहेर काढून दुरुस्त करून घेण्याकडे कल वाढल्याचे आम्हाला जाणवले आणि मुंबई, पुणे, गोव्याहून चौकशा नियमित येऊ लागल्या. आज आम्ही सहा जण आहोत. पुष्कळ बुश आता टपालाने जातात आणि बसवणारा मेकॅनिक आम्हाला दिसत नाही, हीच माझी मोठी काळजी आहे. म्हणून प्रत्येक पाकिटात मराठी आणि हिंदीत छापलेला एक कागद घालतो, त्यावर आबांच्या खडूच्या रेघेचे चित्र आहे, आणि पाकीट पोहोचल्यावर बसवणाऱ्याला मी स्वतः फोन करतो.

आबा आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. लेथवर ते उभे राहत नाहीत, पण खड्ड्यावर गाडी आली की खुर्ची ओढून बसतात. गेल्या आठवड्यात पणजीहून आलेल्या एका हेराल्डवर पोती चढवली, गाडी ढकलली आणि मुलगा पाना घेऊन खाली उतरला, तेव्हा त्यांनी त्याला थांबवले. “अरे, अजून एकदा पुढं-मागं कर. उजवं चाक बसलेलं नाही.” वाकून पाहिले, तर ते खरोखरच बसलेले नव्हते.